मधून बाजूला झालेला टेबल

मित्रांनो, लातूरच्या आमच्या खोलीत तुम्ही कधी आलात, तर मी तुम्हाला आधी दिसणारच नाही. आधी दिसतील दोन खुर्च्या, एकमेकींकडे जराशा तिरक्या वळलेल्या. मग खिडकी आणि खिडकीतून खालच्या झेरॉक्सच्या दुकानाचा पत्रा. बऱ्याच वेळानं पाण्याच्या तांब्याकडे तुमचा हात जाईल, तेव्हा कळेल की तांब्याखालीही कुणीतरी उभं आहे. तो मी. मी एक जुना टेबल आहे. किनवटच्या रानातलं सागवान, भोकरच्या सुताराचा हात, आणि एका पायाखाली कागदाची घडी.

भिंतीला पाठ लावून उभा आहे म्हणून माझी कीव करू नका. मला इथं कुणी टाकून दिलेलं नाही. पण हे मलाच कळायला फार वर्षं लागली.

चाळीसेक वर्षांपूर्वी भोकरच्या नरसिंग सुतारानं मला घडवलं. रंधा मारताना तो माझ्या अंगावरून असा हात फिरवायचा, जशी आई न्हाऊ घातलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरवते. कुठं खरखरीत राहिलंय का, कुठं टोचेल का, ते बघत. शाळेचा शिपाई मला न्यायला आला तेव्हा नरसिंग म्हणाला, "हेडमास्तरासाठी केलाय. कितीबी हात आपटू द्या, हलणार न्हाई."

हेडमास्तर हणमंतराव खरोखरच हात आपटायचे. माझ्या एका बाजूला त्यांची हातांची खुर्ची. दुसऱ्या बाजूला खुर्ची नव्हतीच. तिथं येणाऱ्यानं उभं राहायचं. कुणी उशिरा आलेला, कुणी भांडलेला, कुणी नापास झालेला. हणमंतराव वाईट नव्हते हो. मुलांवर त्यांचा जीव होता. ते फार चांगलं सांगायचे, मनापासून सांगायचे, आणि मधूनमधून माझ्यावर हात आपटायचे. मला वाटायचं, माझ्यामुळेच साहेब साहेब आहेत. मी मधोमध उभा आहे म्हणून शाळा चालली आहे. असा माझा ताठा!

एकदा एक आठ वर्षांची मुलगी आली. तिची हनुवटी जेमतेम माझ्या कडेला लागत होती. शाळेतले कारकून आनंदराज यांची ती लेक, महामाया. वडील दाराबाहेर हातात फाईल घेऊन उभे होते, पण आत आले नाहीत.

"सर, पाण्याच्या माठापाशी मला..." ती म्हणाली.

तेवढ्यावर हणमंतरावांनी ओळखलं. माठापाशी काय होतं हे त्यांना ठाऊक होतं. बाकीची पोरं आपापल्या हातानं पाणी घ्यायची आणि हिच्या ओंजळीत वरून कुणीतरी ओतायचं. त्यांना खरंच वाईट वाटलं. ते म्हणाले, "बाळ, तू हुशार आहेस. अशा गोष्टींकडे लक्ष द्यायचं नाही. खूप शिक. मोठी हो." बराच वेळ ते बोलले. शेवटी तिला स्वतःच्या खिशातला पेन दिला. ती पेन घेऊन गेली. पण तिचं वाक्य माझ्या कडेशी तसंच राहिलं, अर्धं. त्या दिवशी ते मला ऐकूही आलं नाही. मी पेनाचं कौतुक करत बसलो होतो.

पुढं शाळेत लोखंडी टेबल आले. मला मोडक्या बाकड्यांच्या खोलीत ढकललं. वर खडूंची खोकी, खाली पाली. एका पायाला वाळवी लागली. तिथून मला आनंदराजांनी बाहेर काढलं, घासलं, पुसलं, आणि नांदेडला नेलं. त्यांची लेक तिथं मानसशास्त्र शिकत होती. माझ्यावर कोपर टेकून महामाया मोठ्यानं वाचायची. समोरचा माणूस जसा आहे तसा, कुठलीही अट न घालता स्वीकारायचा. त्याचं जग त्याच्या डोळ्यांनी बघायचं. आणि आपण स्वतः खोटं वागायचं नाही, आत एक आणि बाहेर एक ठेवायचं नाही. एवढं मिळालं, की माणूस आपली वाट आपण शोधतो. ती वाट त्याला शोधून देऊ नये. हे वाचून ती पेन्सिल माझ्या पाठीवर ठेवायची आणि खिडकीबाहेर बघत बसायची.

मला ते काही पटायचं नाही. वाट दाखवायची नाही तर मग टेबल कशाला?

उत्तर मिळालं लातूरला. क्लासेसच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर, मन मोकळं करायला येणाऱ्यांसाठी तिनं ही खोली घेतली. आनंदराजांनी मला टेम्पोतून आणलं, खोलीच्या मधोमध मांडलं आणि चार पावलं मागं जाऊन बघितलं. "आता कसं हाफिस वाटून राहिलं!"

महामायानं पदर खोचला आणि मला ढकलत ढकलत भिंतीला नेऊन लावलं.

"अगं माया, टेबल मधी नसला तर म्याडम कोन अन् आलेलं मानूस कोन, लोकाला कसं कळायचं?"

"तेच कळू नये, बाबा."

आनंदराज बराच वेळ दाढी खाजवत उभे राहिले. मग म्हणाले, "बरं. तांब्या तरी ठेव त्याच्यावर. बिचारा."

त्या 'बिचारा'नं मला किती लागलं म्हणून सांगू! मोडक्या बाकड्यांच्या खोलीत अंधार होता, तिथं अपमान दिसत नव्हता. इथं तर भर उजेडात, भिंतीकडे पाठ.

मग एका गुरुवारी चार वाजता उज्वला आली. अठरा वर्षांची. अर्धापूरजवळच्या गावची, केळीच्या बागायतदाराची मुलगी. डॉक्टर व्हायच्या परीक्षेची तयारी करायला लातूरला राहिलेली. एकदा परीक्षा देऊन झालेली, हे दुसरं वर्ष. डबा रोज भरलेलाच परत येतोय हे बघून मेसवाल्या मावशीनं तिला वर पाठवलं होतं. पहिल्या दिवशी ती काहीच बोलली नाही. महामायाही मध्ये बोलली नाही. ती नुसती तिच्याबरोबर बसली, पण अशी बसली की त्या गप्प बसण्याची मुलीला लाज वाटू नये. मला राहवत नव्हतं. मी हणमंतरावांच्या हाताखाली वाढलेला. मला वाटत होतं, सांगा की काहीतरी!

दुसऱ्या गुरुवारी उज्वलाच म्हणाली, "मॅडम, मी काय करू ते सांगून टाका की. सगळेच सांगतात."

"सगळेच सांगतात."

"अन् तुम्ही मी म्हणलेलंच परत म्हणून राहिल्या."

महामाया हसली. "हाव. मी नीट ऐकलं का, ते बघून राहिले."

उज्वलालाही हसू आलं. ते आवरता आवरता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग ती सांगू लागली. परीक्षेच्या हॉलमध्ये हात गार पडतो. येतं तेही लिहिता येत नाही. दिवाळीपासून ती क्लासला गेलेलीच नाही. सकाळी डबा घेऊन निघते आणि बसस्टँडवर जाऊन बसते.

"नांदेडची गाडी लागली की उभी राहते. गाडी गेली की परत बसते."

"उभी राहतेस. पण चढत नाहीस."

"चढले तर अण्णांना काय सांगू? त्यांना वाटतं मी रोज क्लासला जाते. फोनवर हाव हाव म्हणते मी. मी खोटारडी हाय, मॅडम."

मित्रांनो, इथं तुम्ही-आम्ही लगेच म्हणालो असतो, "नाही गं, असं म्हणू नये." महामाया तसं म्हणाली नाही. ती म्हणाली, "हे खोटं रोज उचलून न्यायचं, तुला जड झालंय."

"लई जड," उज्वला म्हणाली, आणि खुर्चीत मागं टेकली. ती पाठ टेकून बसली ती पहिल्यांदाच.

असे पाच-सहा गुरुवार गेले. मला कुणी विचारलं नाही, पण मी बघत होतो. मुलगी येताना पिशवी छातीशी धरून यायची, ती आता खाली ठेवू लागली. आपण जसे आहोत तसे इथं चालतो, हे कळल्यावर माणूस स्वतःकडे जरा बघू शकतो. एक दिवस तीच म्हणाली, "फॉर्म भरायची मुदत संपत आलीय. मला यंदा परीक्षा द्यायची न्हाई. पुढं काय, ते अजून माहीत न्हाई. पण हे मी अण्णांना स्वतः सांगणार. इथं सांगणार. घरी माझं वाक्य अर्धंच होतं अन् त्यांचं सुरू होतं."

"पूर्ण वाक्य सांगायचंय तुला."

"हाव. पूर्ण."

पुढच्या गुरुवारी तिचे अण्णा, म्हणजे वडील, आले. दयानंदराव. पांढरा सदरा, खांद्यावर हिरव्यागार केळीचा घड. कुणाकडे जायचं तर रिकाम्या हातानं जायचं नाही, अशी त्यांची रीत. घड त्यांनी माझ्यावर ठेवला. घाम पुसला, भिंतीवरच्या पाटीवरचं नाव वाचलं, आणि सहज विचारलं, "म्याडम कुठल्या?"

"भोकरच्या."

"भोकरला कोणाच्यातल्या?"

या प्रश्नाचा अर्थ आपल्याकडे लहान मुलालाही कळतो. महामाया म्हणाली, "शाळेतल्या आनंदराज क्लार्कची मुलगी."

"हाव का. असं असं," दयानंदराव म्हणाले. आवाजात वाईट काही नव्हतं. फक्त ते बसायचे ते उभेच राहिले.

आणि महामायानं मला धरलं. दोन्ही हातांनी कडा पकडून, घडासकट, खर्रकन ओढून खोलीच्या मधोमध आणलं. स्वतः माझ्या मागं जाऊन ताठ बसली. मी हरखून गेलो! इतक्या वर्षांनी माझी जागा मला मिळाली. माझ्या पलीकडे बापलेक, अलीकडे मॅडम.

उज्वलानं तोंड उघडलं. "अण्णा, मला..."

"दयानंदराव, तुम्ही काळजी करू नका," महामाया घाईघाईनं म्हणाली. तो तिचा नेहमीचा आवाज नव्हता. "हुशार मुलगी आहे. मी समजावते तिला."

"तेच म्हनलं मी," दयानंदराव खूश झाले. "तुमच्यासारख्या शिकलेल्या मानसानं समजावलं म्हंजे झालं." त्यांना अर्धापूरची गाडी गाठायची होती. नमस्कार करून ते उतरून गेले.

उज्वलानं पिशवी उचलून छातीशी धरली. दारात थांबली. "तुम्ही बी समजावणारच का?" एवढंच म्हणाली, आणि गेली.

'अण्णा, मला...' ते अर्धं वाक्य माझ्या कडेशी पडून होतं. तेव्हा कुठं मला ते दुसरं ऐकू आलं. 'सर, पाण्याच्या माठापाशी मला...' दोन्ही वाक्यं एकाच ठिकाणी अडली होती, मित्रांनो. माझ्यापाशी.

महामाया बराच वेळ माझ्यावर डोकं टेकून बसली. मग उठली आणि मला परत भिंतीला नेऊन लावलं. या वेळी मी जरासुद्धा अडलो नाही.

पुढच्या गुरुवारी चार वाजता उज्वला आली नाही. महामायानं तिला दोन ओळींचा निरोप पाठवला होता, 'माझं चुकलं. गुरुवारी चारची वेळ तुझीच आहे, आलीस तरी आणि नाही आलीस तरी.' उत्तर आलं नाही. महामाया रिकाम्या खुर्चीसमोर चार ते पाच बसून राहिली. घड माझ्यावरच होता. येता-जाता ती एकेक केळं दाबून बघायची, पिकलं का, पिकलं का. त्यानंतरच्या गुरुवारीही तसंच. आनंदराजांचा फोन आला. गल्लीत एवढी पोरं आहेत, त्या टायमाला दुसरं कोणी घे म्हणाले.

"नाही बाबा. ती वेळ तिची आहे."

"अन् ती आलीच न्हाई तर?"

"तर मी बसेन."

तिसऱ्या गुरुवारी चार वाजून वीस मिनिटांनी जिन्यात चपला वाजल्या. उज्वला आत आली, बसली नाही.

महामायाही उभी राहिली. "आधी मी एक सांगते. तुझ्या अण्णांनी मला 'कोणाच्यातल्या' विचारलं आणि मी भ्याले. एकदम लहान झाले. टेबल ओढला आणि त्याच्या मागं लपले. तुझं वाक्य अर्धं राहिलं, ते माझ्यामुळं."

उज्वला बघत राहिली. "मॅडम लोक असं बोलतात का कुठं?"

"ही बोलते."

"अण्णा सगळ्यांनाच विचारतात तसं," उज्वला हळू म्हणाली. "पण म्हणून तुम्हाला कमी लागलं, असं न्हाई."

ऐकून घेतलेलं माणूस दुसऱ्याचंही ऐकू शकतं, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. महामाया म्हणाली, "ऐकलंस तू. आता वेळ तुझी."

"शनिवारी मुदत संपते. अण्णांना उद्या परत बोलावते. टेबल मात्र..."

"टेबल भिंतीलाच राहील."

उज्वला माझ्याजवळ आली. माझ्यामागं बोटभर जागा उरली होती. तिनं मला रेटून तेवढीही भरून काढली. घाबरू नकोस पोरी, मी मनात म्हणालो. या वेळी ओढलं तरी मी हलायचा नाही.

शुक्रवारी दयानंदराव आले तेव्हा झेरॉक्सच्या दुकानातून तिसरी खुर्ची मागवली होती. ते बसले. मॅडमसमोर काहीच नाही हे बघून जरा अवघडले. हात कुठं ठेवावेत कळेना.

"मग, समजावलं का म्याडम?"

"नाही. मी समजावते म्हणाले, ते माझं चुकलं. तिचं तिला बोलायचंय. मी इथं बसलेय."

उज्वलाची पिशवी खाली ठेवलेली होती. "अण्णा, मी दिवाळीपासून क्लासला गेले न्हाई. तुम्हाला खोटं सांगितलं. मी फॉर्म भरला न्हाई अन् यंदा भरणार बी न्हाई."

"काय?" दयानंदरावांचा चेहरा लाल झाला. त्यांनी हात उचलला, चांगला खांद्यापर्यंत, आणि जोरात खाली आणला. मित्रांनो, आपटायला तिथं टेबल नव्हता. हात आला तो त्यांच्याच गुडघ्यावर. धाड असा आवाज झाला नाही. मांडीवरच्या लेकराला थोपटावं तेवढाच आवाज झाला. ते स्वतःच्या हाताकडे बघत राहिले.

"आधी माझं होऊ द्या," उज्वला म्हणाली. आवाज कापत होता, पण थांबला नाही. "मग बोला. जेवढं बोलायचं तेवढं बोला."

आणि ती बोलली. गार पडलेला हात, बसस्टँड, गाडी लागली की उभं राहणं, सगळं. एकही वाक्य अर्धं नाही. दयानंदराव दोनदा खुर्चीतून उसळले, दोनदा महामायाकडे बघितलं. महामाया त्यांच्याकडे तशीच बघत होती जशी उज्वलाकडे बघायची, हा माणूसही घाबरलेला आहे हे ओळखून. त्यांच्या ते ध्यानात आलं असावं. ते खाली बसले.

"मला का न्हाई सांगितलं मग?"

"तुम्ही लई चांगलं सांगता, अण्णा. म्हणून. तुमचं सांगणं संपतच न्हाई."

"अन् गावात काय सांगू मी?"

"ते मला माहीत न्हाई. मी थोडे दिवस घरी येते. अभ्यास परत करायचा का दुसरं काही, ते मी ठरवीन. तुम्ही फक्त संगं ऱ्हा."

दयानंदरावांनी खोलीभर बघितलं. नजर फिरता फिरता माझ्यावर आली. माझ्यावर घडाचा वाळलेला दांडा तेवढा उरला होता.

"केळी पिकली का म्याडम?"

"पिकली. बरीचशी काळी पडली."

"दाबून बघितली आसतील."

"हो. रोज."

"दाबायची नस्तेत. पोत्याखाली झाकून ठिवायची. ऊब मिळाली का आपल्या आपुन..." दयानंदराव मध्येच थांबले. त्यांनी पोरीकडे बघितलं. त्यांचं ते वाक्य कुणीच पूर्ण केलं नाही. त्यांनाच करू दिलं. "आपल्या आपुन पिकतेत," ते म्हणाले.

मग डोळे पुसून, आवाज चढवून, "मला पटलं न्हाई अजून, सांगून ठिवतो."

"नका पटू देऊ," उज्वला म्हणाली. "ऐकलं ना?"

"ऐकलं."

जाताना ते माझ्यापाशी आले, तांब्यातलं पाणी भांड्यात ओतलं आणि आधी महामायापुढं धरलं. ती प्यायली. मग त्याच भांड्यात त्यांनी स्वतःसाठी ओतून घेतलं. ते मी जपून ठेवलं आहे, पेनाच्या आठवणीच्या बरंच वर.

संध्याकाळची नांदेडची गाडी लागली तेव्हा उज्वला उभी राहिली आणि चढली, असा तिचा निरोप आला.

मित्रांनो, तुमच्या शेजारी बाकावर बसणारं कुणी, घरातलं धाकटं भावंड, कधी आईसुद्धा, तुमच्याजवळ काहीतरी बोलायला येईल. तुम्हाला चांगलं सांगता येत असेल तरी जरा थांबा. मध्ये काही आलं असेल तर ते बाजूला करा. आणि मीही जुना झालोय, तेव्हा ओला तांब्या ठेवताना खाली फडकं घाला. सागवान असलं तरी डाग पडतात.

आता गुरुवारी चार वाजता दुसरा एक मुलगा येतो. निलंग्याचा आहे. तीन आठवडे झाले, "मॅडम, मला..." एवढ्यावर येऊन थांबतो. थांबू दे. महामाया बसलेली आहे. आणि मी भिंतीला पाठ लावून उभा आहे, त्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत.